आधी गळा, मग श्वास

मण्यार चावलेला माणूस नेमका कशाने मरतो?

"विषाने, आणखी कशाने!" हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. विष रक्तात भिनतं, काळजापर्यंत पोचतं आणि काळीज थांबतं, असं चित्र आपल्या बहुतेकांच्या डोक्यात असतं. सिनेमांनी ते आणखी पक्कं करून टाकलंय. प्रत्यक्षात मण्यारीच्या दंशात हृदय बराच वेळ नीट चालू असतं. लुळे पडतात ते स्नायू. आधी पापण्या मिटायला लागतात, मग गळा ढिला पडतो आणि शेवटी छातीचा भाता थांबतो. माणूस जातो तो श्वासाविना. आणि श्वास जायच्या आधी त्याचं गिळणं गेलेलं असतं.

हा क्रम पहिल्यांदा वाचला तेव्हापासून डहाणू-तलासरीकडच्या सर्पदंशाविषयी मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता ध्यानात आलं की गिळणं आणि श्वास यांचं हे भांडण काही सापापुरतं नाही. घटसर्प, पोलिओ, अलीकडचा कोव्हिड, सगळीकडे तेच. माणसाने श्वास वाचवायच्या एकेक युक्त्या शोधल्या आणि दर वेळी गिळण्याचा प्रश्न मागच्या दाराने परत आला. त्याचीच ही गोष्ट, जरा सविस्तर.

आधी थोडं शरीराबद्दल. आपल्या गळ्यात अन्नाचा आणि हवेचा रस्ता काही अंतर एकच आहे. पुढे फाटा फुटतो: पुढची वाट श्वासनळीची, मागची अन्ननळीची. आपण गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचललं जातं (गळ्यावर बोट ठेवून गिळून बघा, घाटी वर जाऊन खाली येते), झाकण पडतं, स्वररज्जू एकमेकांना चिकटतात आणि जेमतेम सेकंदभर श्वास थांबतो. घास मागे सरकला की बहुतेक वेळा आपण श्वास बाहेर सोडतो. म्हणजे चुकून काही कण राहिलाच तर बाहेर फुंकला जावा. रेल्वेच्या फाटकासारखी व्यवस्था आहे ही. गाडी येताना फाटक बंद, गाडी गेली की उघडं. दिवसातून शेकडो वेळा हे होतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. जेवणाशिवायही होतं, कारण दिवसाकाठी लिटरभराच्या आसपास लाळ तयार होते आणि ती आपण नकळत गिळत राहतो.

आता या फाटकाचं दोन तऱ्हांनी बिनसू शकतं. एक, गाड्या फारच वेगाने यायला लागल्या तर. न्यूमोनिया झालेलं मूल, दम्याचा पेशंट, वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात बसून फुप्फुसं खराब झालेली बाई, यांचा श्वास इतका जलद चालतो की गिळण्यासाठी तो सेकंद काढायचा कुठून? म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमात आजारी बाळाला दूध ओढता किंवा पाणी पिता येत नसेल तर ते धोक्याचं लक्षण धरतात. आणि दुसरं म्हणजे फाटकवालाच झोपला तर. मण्यार नेमकं हेच करते.

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे तालुके. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, त्याआधी हा सगळा ठाणे जिल्हा. तलासरी तर १९६० च्या राज्य विभाजनाचं अपत्य. उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि इकडे उरलेल्या गावांचा हा तालुका झाला. किनाऱ्याला डहाणू, घोलवड, बोर्डीच्या चिकूच्या वाड्या आणि आत डोंगराकडे वारली पाडे. पाड्यावरचं जुन्या पद्धतीचं घर कारवीच्या कुडाचं, वरून शेणामातीने लिंपलेलं. घरात भाताची कणगी, कणगीपाशी उंदीर, आणि उंदरामागे साप. पावसात बिळांत पाणी शिरलं की सापही कोरडी जागा शोधत घरात येतात. माणसं जमिनीवर झोपलेली असतात.

मण्यार रात्री फिरते. तिचे दात बारीक, दंश जवळजवळ दुखत नाही, सूज येत नाही. झोपेत कूस बदलताना हात पडला आणि ती चावली, तर कित्येकदा माणसाला जागही येत नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो. मग डोळे उघडे राहत नाहीत, एकाचे दोन दिसतात. मग आवाज गेंगाणा होतो, थुंकी गिळता येत नाही, ती ओठाच्या कडेने गळायला लागते. घरचे म्हणतात, रात्री काहीतरी खाल्लं असेल, नाहीतर बाहेरची बाधा असेल. घरातल्या कुणीही साप पाहिलेलाच नसतो.

आपल्या जुन्या लोकांनी हे पाहिलं नव्हतं असं मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे दर्वीकर, मंडली, राजिमान असे वर्ग केलेले आहेत. दर्वीकर म्हणजे फणावाले, मंडली म्हणजे अंगावर वर्तुळं असलेले आणि राजिमान म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचे. मण्यार या पट्टेवाल्यांत बसते असं मानतात. राजिमानांच्या विषाची जी लक्षणं दिली आहेत त्यांत अंग ताठरणं, तोंडातून दाट कफ गळणं, घशात सूज, घशातली घुरघुर आणि श्वासाचा अवरोध हे सगळं एका दमात येतं. घुरघुर हा शब्द बघा! गिळता न आलेली लाळ घशात साठते आणि श्वास तिच्यातून बुडबुडे काढत जातो, त्याचा तो आवाज. कुणीतरी चावलेल्या माणसाच्या उशाशी बसून कान देऊन ऐकल्याशिवाय हे लिहिता येत नाही. गळा आणि श्वास यांचं नातं तेव्हाच नोंदवलं गेलं होतं. उपाय मात्र हातात नव्हता.

उपायाचा पहिला धागा सापडला तो कलकत्त्यात. जोसेफ फेरर हे तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले सर्जन. भारतातल्या विषारी सापांवरचा त्यांचा मोठा सचित्र ग्रंथ १८७२ साली निघाला. त्यांनी लंडनच्या लॉडर ब्रंटन यांच्याबरोबर नागाच्या विषाचे प्राण्यांवर प्रयोग केले. विष टोचल्यावर प्राण्याचा श्वास थांबतो, पण श्वासनळीतून भात्याने हवा भरत राहिलं तर हृदय पुढे कितीतरी वेळ चालू राहतं, हे त्यांना दिसलं. म्हणजे नागासारख्या सापाचा बळी हा मुळात श्वासाचा बळी आहे, आणि कुणीतरी त्याच्या वतीने श्वास घेत राहिलं तर वेळ मिळतो. विचार बरोबर होता. पण माणसाला दिवसेंदिवस भात्यावर ठेवायचं कसं, हे ठाऊक व्हायला आणखी ऐंशी वर्षं जायची होती.

दुसरा धागा घोड्याचा. १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की घटसर्प आणि धनुर्वाताच्या विषाचे थोडे थोडे डोस प्राण्याला दिले तर त्याच्या रक्तात उतारा तयार होतो. घोडा मोठा, त्याचं रक्त भरपूर, म्हणून घोडे कामाला लागले. तीच युक्ती आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर वापरली आणि १८९० च्या दशकात पहिलं प्रतिविष तयार झालं. पुढे आपल्याकडे परळच्या हाफकिन संस्थेने हे काम दशकानुदशकं केलं. (ही संस्था १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली, हाफकिनचं नाव तिला १९२५ साली मिळालं.) आज सरकारी दवाखान्यात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून असते. तिच्यासाठी लागणारं विष बहुतांशी तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. एका आदिवासी समाजाने काढलेलं विष दुसऱ्या आदिवासी समाजाच्या पाड्यावर औषध होऊन पोचतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

घटसर्पाचं नाव आलंच आहे तर तिथे थोडं थांबते, कारण गिळण्याचा प्रश्न वैद्यकाला पहिल्यांदा धडकला तो तिथे. घटसर्पात मुलाच्या घशात पांढुरका पडदा धरतो आणि श्वास कोंडतो. १८८५ च्या सुमारास न्यूयॉर्कचे डॉक्टर ओड्वायर यांनी गळा न कापता तोंडातूनच स्वरयंत्रात धातूची छोटी नळी बसवायची पद्धत आणली. मुलं श्वास घेऊ लागली. पण दूध पाजायला जावं तर ठसका! नळीने फाटक कायमचं उघडं ठेवलं होतं. दूध थेट फुप्फुसाच्या वाटेला. मग शिकागोच्या कॅसलबेरी यांनी सुचवलं की मुलाचं डोकं अंगापेक्षा खाली ठेवून पाजा, म्हणजे दूध नळीत ओघळणार नाही. श्वासासाठी केलेल्या इलाजामुळे गिळणं बिघडलं आणि त्यावर पुन्हा साधा, हाताने करायचा उपाय शोधावा लागला. या सगळ्या इतिहासाचा सारांश इथेच आला म्हणा ना.

घटसर्पाची आणखी एक खोड होती. घसा बरा झाला असं वाटल्यावर काही आठवड्यांनी टाळू लुळी पडायची आणि प्यालेलं पाणी नाकातून यायचं. नागा-मण्यारीच्या दंशातही पाणी असंच नाकातून येऊ शकतं.

तिसरा धागा पोलिओचा. १९२८ साली बोस्टनमध्ये ड्रिंकर आणि शॉ यांचं 'लोखंडी फुप्फुस' आलं. माणसाला मानेपर्यंत एका पिंपात ठेवायचं आणि पिंपातला हवेचा दाब कमीजास्त करून त्याची छाती फुगवायची. ज्यांचे फक्त छातीचे स्नायू गेले होते ते यात जगले. पण ज्यांच्या पोलिओने मेंदूच्या देठावर हल्ला केला होता त्यांचं गिळणंही गेलेलं असे. घशात लाळ साठलेली, आणि यंत्र तर इमानेइतबारे छाती फुगवतंय. मग हवेबरोबर ती लाळही आत ओढली जायची. माणूस कोरड्या खोलीत बुडायचा.

ऑगस्ट १९५२ मध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात हीच वेळ आली होती. साथ भयंकर होती. सुरुवातीच्या तीन आठवड्यांत श्वास गेलेल्या ३१ पैकी २७ जण दगावले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. त्याचं म्हणणं असं की गळ्याला भोक पाडून श्वासनळीत फुगा असलेली नळी घाला. फुगा फुगला की वरची लाळ खाली उतरणार नाही, आणि नळीतून रबरी पिशवी दाबून हवा भरा. २७ ऑगस्टला एका १२ वर्षांच्या मुलीवर त्याने ते करून दाखवलं. यंत्रं तर नव्हती, म्हणून सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्महिने पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजचा आयसीयू तिथून सुरू झाला असं मानतात.

इब्सेनने श्वास आणि लाळ यांच्या वाटा वेगळ्या केल्या, हा त्या गोष्टीतला खरा मुद्दा मला वाटतो. फेररच्या भात्याला त्याचं उत्तर मिळालं ते असं. आणि मण्यार चावलेल्या माणसाला जगवायचा रस्ताही याच खोलीतून जातो, कारण मण्यारीच्या बाबतीत घोड्याची लस एकटी पुरत नाही. नागाचं विष नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर स्नायूच्या बाजूला जाऊन बसतं. तिथे लस आणि निओस्टिग्मिनचं इंजेक्शन यांचा चांगला उपयोग होतो. मण्यारीचं विष मुख्यतः नसेचं टोकच नासवतं. एकदा ते नासलं की लस पुढचं नुकसान थांबवते, झालेलं परत आणत नाही. नसेचं टोक पुन्हा वाढेपर्यंत वाट बघायची, काही दिवस, कधी काही आठवडे. तोवर श्वास दुसऱ्याने द्यायचा. या अवस्थेतला माणूस डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, बाहुल्याही हलत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं संपलं. पण त्याला ऐकू येत असतं! असे रुग्ण मेंदूने मेले असं समजून सोडून दिले जाण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांच्या पुस्तकांत याचा मुद्दाम इशारा दिलेला असतो.

आता पुन्हा डहाणूला येऊ. डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय म्हणजे लोकांच्या तोंडी 'कॉटेज'. तिथल्या सर्पदंशाच्या नोंदींचा अभ्यास करून परळच्याच राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या लोकांनी २०१९ साली निबंध प्रसिद्ध केला. या संस्थेचं ग्रामीण संशोधन केंद्र डहाणूत आहे. २०२१ साली त्यांचा दुसरा निबंध आला, त्यात आदिवासी लोकांशी, भगतांशी आणि सरकारी डॉक्टरांशी बोलून कोणाला काय ठाऊक आहे ते पाहिलं होतं. चिंचोका किंवा लोहचुंबक लावला की विष ओढलं जातं अशा समजुती लोकांत आढळल्या. पण त्याच निबंधात हेही आहे की मण्यारीच्या दंशाची लक्षणं आणि लसीचा डोस यांबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्यांचीही माहिती कमी पडत होती. मला हा प्रामाणिकपणा आवडला. एरवी सगळं खापर भगताच्या माथी फोडून आपण मोकळे होतो.

डॉक्टरांना तरी कोण शिकवतं? पुस्तकं शहरात लिहिली जातात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे ठळक अपवाद. विंचूदंशावरच्या त्यांच्या कामाबद्दल सगळ्यांना माहीत आहे, पण ग्रामीण महाराष्ट्रातल्या नाग-मण्यारीच्या दंशांवरही त्यांनी लिहिलं आहे. छोट्या गावात बसून, समोरच्या पेशंटकडे बघून लिहिलेलं. सुश्रुतवाल्या त्या अनामिक ऐकणाऱ्याची परंपराच ही.

लोकांच्या उपचारांत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती चिंचोक्याची नाही, तोंडात घालायच्या गोष्टींची. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी साप चावला की कडुनिंबाचा पाला किंवा मिरची चावायला देतात. कडू-तिखट लागलं तर विष चढलेलं नाही, असा त्याचा अर्थ. कुठे तूप पाजतात, कुठे झाडपाल्याचा रस, ओकारी यावी म्हणून मिठाचं पाणी. हे करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण ज्या माणसाचा फाटकवाला झोपत चाललाय, नेमक्या त्याच माणसाच्या गळ्यात आपण काहीतरी ओततोय. गिळलं गेलं नाही तर ते फुप्फुसात जातं. मग विषाच्या जोडीला ठसका, न्यूमोनिया, किंवा तिथल्या तिथे गुदमरणं. दवाखान्यात पोचेपर्यंत तग धरू शकला असता असा माणूस तूपपाण्याने जाऊ शकतो.

आणि दवाखान्यातल्या इलाजानेही गळ्याचं सगळं सुरळीत होतं असं नाही. लस घोड्याची, त्यामुळे काहींना तिची ॲलर्जी येते. घसा आवळतो, आवाज बसतो, तेव्हा ॲड्रेनलिन तयार ठेवावं लागतं. निओस्टिग्मिनने लाळ वाढते, म्हणून सोबत ॲट्रोपिन देतात, त्याने तोंड कोरडं पडतं. श्वासनळीत नळी असेपर्यंत स्वररज्जूंना चोवीस तास घासणी. गळ्याला भोक पाडलं असेल तर स्वरयंत्र पहिल्यासारखं वर उचललं जात नाही. फुगा जास्त फुगला तर मागच्या अन्ननळीला दाबतो. हवा स्वररज्जूंवरून जात नसल्याने खोकून काही बाहेर टाकता येत नाही, काही चुकीच्या वाटेला गेलं तर ते कळतही नाही. नाकातून पोटात घालतात ती 'रायल्स ट्यूब' जॉन रायल या इंग्रज डॉक्टरच्या नावाची, १९२१ सालची. तिने जेवण पोटात पोचतं, पण लाळ गिळायचं काम ती करत नाही. बरं, सगळ्या नळ्या निघाल्या की संपलं का? दोन दिवसांपेक्षा जास्त नळी राहिलेल्या बऱ्याच जणांना नंतर काही काळ नीट गिळता येत नाही.

हे शेवटचं वाक्य आमच्या घरात आम्ही जगून घेतलं आहे. नात्यातल्या वाचकांना ठाऊक आहेच, २०२१ च्या उन्हाळ्यात काकांना कोव्हिडमुळे बरेच दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. वाचले, घरी आले, पेढे वाटले. आणि पाण्याच्या प्रत्येक घोटाला ठसका. आम्हाला वाटलं कोव्हिडचा खोकला राहिलाय. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी होती, जेवू कसं घालायचं याबद्दल अक्षर नव्हतं. पंधरा दिवसांनी एका थेरपिस्टबाईंनी त्यांना सरळ बसवलं, हनुवटी जरा छातीकडे घ्यायला सांगितली आणि चमच्याने घट्ट पेज भरवून दाखवली. एक चमचा, गिळू द्यायचं, आवाज ओलसर येतोय का ऐकायचं, मगच दुसरा. काकांना त्या दिवशी पहिल्यांदा ठसका न लागता वाटीभर पेज गेली. पातळ पाणी गिळायला सगळ्यात अवघड आणि दाटसर पेज सोपी, हे कितीतरी पेशंटांच्या बाबतीत खरं असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. (सगळ्यांचं सारखं नसतं, म्हणून तपासून घेतलेलं बरं.)

गिळण्याकडे स्वतंत्र विषय म्हणून बघायलाच वैद्यकाला फार उशीर झाला. जेरी लॉगमन यांचं या विषयावरचं गाजलेलं पुस्तक आलं १९८३ साली, इब्सेनच्या आयसीयूनंतर तब्बल तीस वर्षांनी. योगायोग असा की त्याही शिकागोच्याच, मुलांना डोकं खाली करून पाजायला सांगणाऱ्या कॅसलबेरींच्या गावच्या. मुंबईत नायर रुग्णालयात वाचा आणि श्रवण यांचं शिक्षण १९६० च्या दशकापासून आहे, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून. या विद्येची माणसं घडतात ती बहुतेक अशा शहरी संस्थांतून, आणि नोकरीलाही शहरातच राहतात. तलासरीच्या पाड्यावर आयसीयूतून परतलेल्या माणसाला पहिला घास भरवते ती त्याची बायको किंवा आई, आणि तिला कुणी काही सांगितलेलं असेलच अशी खात्री नाही. अन्नाचं तर काही अडत नाही. पेज आणि नाचणीची आंबील तिच्या चुलीवर रोजची आहे. तिला हवी आहेत ती चार वाक्यं: सरळ बसव, थोडं दे, थांब, आवाज ऐक.

सर्पदंशाची दखल आता वरच्या पातळीवर घेतली जातेय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली त्याला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे असं त्यात म्हटलं आहे. लस, व्हेंटिलेटर, ॲम्ब्युलन्स हे सगळं लागणारच, त्यात वाद नाही.

पण ॲम्ब्युलन्स यायच्या आधीचे जे दोन-तीन तास असतात, ते घरच्यांचे आणि भगताचे असतात. भगत रात्री हाकेला येतो, उशाशी बसतो, माणसाकडे एकटक बघतो. म्हणजे आवाज गेंगाणा झाला, थुंकी गळायला लागली, पापणी उचलेना, हे पहिल्यांदा त्यालाच दिसणार आणि ऐकू येणार. मला वाटतं, त्याला मोडीत काढण्याऐवजी त्याच्या हातात एवढंच द्यावं: ही तीन लक्षणं दिसली की मंत्र गाडीत म्हण, पण गाडी काढ. तोंडात काही घालू नकोस. कुशीवर झोपव, म्हणजे लाळ बाहेर ओघळेल. आवळपट्ट्या बांधत बसू नकोस. कासा, डहाणू, तलासरी, जे सरकारी रुग्णालय जवळ असेल ते गाठ. साप दिसला नाही म्हणून थांबू नकोस, मण्यार दिसत नसतेच.

बोर्डी-घोलवडकडे किंवा आत उधव्याकडे ज्यांची माणसं आहेत त्यांनी एवढं एक त्यांच्या कानावर घालाच. पुढच्या पावसाच्या आत.